आहेराचा ओला टॉवेल

धोंड्याच्या जेवणानंतर सासऱ्यांनी मला जो आहेर केला, त्यातला टॉवेल नीट घडी मोडायच्या आधीच मी त्यांच्याच अंगणात बादलीत बुचकळला आणि जीपच्या इंजिनावर पसरला. पांढरा, जाड, निळ्या काठाचा टॉवेल होता. सासूबाई दारातून बघत होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. जावयाची हुशारी बघून त्यांना कौतुकाचं हसू आलं असावं, असं मला वाटलं. बायकोनं नंतर सांगितलं, तसं काही नव्हतं. तो टॉवेल त्यांनी अहमदपूरच्या तीन दुकानांत फिरून निवडला होता.

पण त्या वेळी मला दुसरा इलाज दिसत नव्हता. अधिक महिना होता, पावसानं ओढ दिली होती आणि ऊन मे महिन्यासारखं पडलं होतं. जेवण झाल्यावर मेव्हण्याला जीपचा जोर दाखवायला मी शेतापर्यंत चक्कर मारून आलो, दारात गाडी बंद केली आणि आत जाऊन आहेराला बसलो. दहा मिनिटांत शेजाऱ्याचं ट्रॅक्टर बाहेर निघायचं म्हणून हाक आली. जाऊन बघतो तर सेल्फ नुसता फिरतोय, इंजिन पकडायचं नाव नाही. ट्रॅक्टरवाला वर बसून मिशीला पीळ देतोय, आणि गल्लीतली निम्मी माणसं जावयाची गाडी बघायला जमलेली.

ही जीप मी भोकरच्या, रस्त्यांची कंत्राटं घेणाऱ्या एका गुत्तेदाराकडून घेतली. जुनी, पेट्रोलवर चालणारी, चारही चाकांनी ओढणारी. पेट्रोलची म्हणून तिला कुणी विचारत नव्हतं, आणि कुणी विचारत नाही म्हणून ती मला आवडली. भोकरच्या बाजूला आमचं थोडं रान आहे. पावसाळ्यात तिथली काळी माती माणसाच्या पायातली चप्पल ठेवून घेते. तिथं ही जीप म्हशीसारखी निवांत चालत जायची. तिची खोड एकच होती. थंड असताना एका सेल्फात चालू. गरम असताना बंद केली की मग अर्धा तास तिची मर्जी.

मी ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. हे इथंच सांगून टाकतो, म्हणजे पुढं लपवायला नको.

सासरे एस.टी.च्या वर्कशॉपात तीस वर्षं मेकॅनिक होते. त्या दिवशी ते हात पाठीमागं बांधून माझ्या शेजारी उभे राहिले. बॉनेटमध्ये डोकावले नाहीत. जावयाच्या गाडीचं बॉनेट आणि जावयाचं ताट यांत न विचारता हात घालायचा नाही, असा त्यांचा शिरस्ता. थोडा वेळ त्यांनी सेल्फचा आवाज ऐकला. मग हळूच म्हणाले, "जावईबापू, एकदा ठिणगी बघून घेता का?"

मी हसलो. ते हसणं मला अजून आठवतं. म्हणालो, "मामा, ठिणगीचा काही संबंध नाही. याला व्हेपर लॉक म्हणतात. इंजिनाच्या उष्णतेनं फ्युएल पंपातल्या पेट्रोलची वाफ होते. पंप द्रव ढकलू शकतो, वाफ ढकलू शकत नाही. म्हणून पंप थंड करायचा." एवढ्यावर थांबलो असतो तर ठीक होतं, पण समोर गल्ली जमलेली. मी उत्कलनबिंदूसुद्धा सांगितला.

"हाव, असंल," सासरे म्हणाले.

वीस मिनिटांनी जीप चालू झाली. ट्रॅक्टर निघालं. मी टॉवेल पिळून सासऱ्यांकडं विजयानं पाहिलं. "झालं ना, मामा?"

"झालं की," ते म्हणाले आणि हात तसेच पाठीमागं बांधून आत गेले.

परतीच्या वाटेवर बायको म्हणाली, "अप्पांना एकदा हात लावू द्यायचा होता."

"ते म्हणाले का, मी बघतो म्हणून?"

"जावयाला कसे म्हणतील? एकदा सांगितलं ना त्यांनी. आमच्याकडं जावयाला एकदाच सांगतात. दुसऱ्यांदा सांगणं म्हणजे त्याला कळत नाही असं म्हटल्यासारखं होतं."

मी म्हणालो, चांगली पद्धत आहे. माझ्या कॉलेजातही लागू करायला पाहिजे.

त्यानंतर आमच्या घराला त्या जीपच्या सवयी लागल्या. बाजारात गेलो की इंजिन चालूच ठेवायचं. भाजी आणायला मी उतरायचो आणि बायको स्टिअरिंगमागं बसून ॲक्सिलरेटरवर पाय ठेवायची, म्हणजे इंजिन मरायला नको. नांदेडच्या भाजीमंडईबाहेर मास्तरीणबाई पाऊण तास घुर्रर्र करत बसलेल्या, हे दृश्य बघून माझ्या विद्यार्थ्यांनी काय काय म्हटलं ते मला कुणी सांगितलं नाही, म्हणजे बरंच म्हटलं असणार. मेथी निवडून आणायचा तिचा हक्क त्यामुळं गेला. मी पिवळी पानं आणायचो. ती घरी ती एकेक करून वेगळी काढायची.

मोबाइलवर जुन्या जीपवाल्यांचा एक ग्रुप आहे. तिथं कुणीतरी लिहिलं की पेट्रोलच्या नळीला कपडे वाळत घालायचे चिमटे लावा, उष्णता ओढून घेतात. मी गच्चीवरचे बारा चिमटे लावून टाकले. लिहिणाऱ्याचे लाकडी होते, आमचे प्लॅस्टिकचे. भोकरपर्यंत त्यांची लापशी झाली. बायकोनं ती खरवडून काढली आणि त्या आठवड्यात साड्या दोरीवर गाठी मारून वाळवल्या.

आमच्या चौकातला मेकॅनिक म्हणायचा, "सर, गाडी तर एकदम ओके हाय. एका सेल्फमदी चालू होते."

"अहो, ती गरम असताना होत नाही."

"मंग गरम असताना आना की."

"गरम असताना तुमच्याकडं बंद पडली तर घरी कसा जाऊ?"

"मंग थंड असताना मला काय दिसनार?" असं म्हणून तो हात पुसायचा.

त्याचं बरोबर होतं. दुखणं ज्या वेळी असतं त्याच वेळी बघावं लागतं. ते निघून गेल्यावर सगळंच ओके दिसतं. पण मला बघायचं नव्हतंच, मला निदान झालेलं होतं. मी एक वहीसुद्धा ठेवली होती. तारीख, तापमान, 'ओला टॉवेल, वीस मिनिटे, यशस्वी.' अशा अकरा नोंदी. बाराव्या वेळी टॉवेल न टाकता नुसता वीस मिनिटं थांबून बघावं, हे मला एकदाही सुचलं नाही. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या तर निष्कर्ष काढता येत नाही, म्हणून मी दरवर्षी पोरांचे प्रॅक्टिकलचे गुण कापतो. आणि इकडं वीस मिनिटं इंजिन आपोआप निवत होतं आणि श्रेय टॉवेलला जात होतं.

पुढच्या मे महिन्यात एके सकाळी मेव्हण्याचा फोन आला. "दाजी, अप्पांचा उजवा हात उचलंना. तोंड वाकडं झालंय. पन बोलून राहिलेत, ताईलाच इच्चारून राहिलेत. इथले डॉक्टर लातूरला न्या म्हनले. अँब्युलन्स यायलीय, साडेबाराला निघतो. तवर या."

दहा वाजले होते. नांदेडहून अहमदपूरला दोन तास पुष्कळ झाले. बायकोनं पर्स घेतली, चप्पल घातली आणि म्हणाली, "एस.टी.नं जायचं का? नाहीतर कुणाची गाडी सांगू या."

"दारात गाडी असताना?" मी म्हणालो.

ती जीपमध्ये बसली. लोहा येईपर्यंत तिनं भावाला दोनदा फोन केला. दुसऱ्यांदा सासरे स्वतः बोलले. आवाज जड होता, पण शब्द कळत होते. "ये बाई. घाई करू नका. ये." तिनं फोन मांडीवर ठेवला आणि पदरानं त्याची काच पुसली.

जीपचा पेट्रोलचा काटा मी घेतली तेव्हापासून मेलेला. टाकीत काठी घालून बघायची. आदल्या संध्याकाळी बघायची राहिली होती. लोह्याच्या पुढं इंजिनानं दोन आचके दिले तेव्हा माझ्या लक्षात आलं. सुदैवानं पेट्रोल पंप समोरच होता. मी नळीपाशी गाडी लावली, इंजिन चालू ठेवून. पंपावरचा माणूस नळी हातात धरून नुसता उभा.

"बंद करा सर."

"अहो, ही बंद केली की..."

"बंद केल्याबिगर टाकत नसतो. पाटी वाचा की."

मी किल्ली फिरवली. टाकी भरली. किल्ली पुन्हा फिरवली. सेल्फ फिरला, फिरला, फिरतच राहिला. माणसानं धक्का मारून जीप कडेला काढून दिली.

मी टॉवेल काढला. तोच, निळ्या काठाचा, आता काळा झालेला. पंपावरच्या टाकीतून बादली भरली. बायको उतरून रस्त्याच्या कडेला उभी राहिली. पाच-सात मिनिटं झाली असतील. तेवढ्यात नांदेडकडून लाल एस.टी. आली आणि समोरच्या फाट्यावर माणसं उतरवायला थांबली.

"मी हिच्यातनं पुढं जाते," ती म्हणाली. "तुम्ही मागनं या."

"लग्नसराई चालूय, एस.टी.त जागा कुठं मिळणार? अहमदपूरपर्यंत उभ्यानं जाशील. अगं, वीसच मिनिटं. टॉवेल टाकलाय ना."

माझं डोकं बॉनेटमध्ये होतं. एस.टी.कडं मी मान वळवूनही बघितलं नाही. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली. एस.टी. गेली. बायको तिथंच उभी राहिली, एस.टी. दिसेनाशी होईपर्यंत. मग येऊन जीपच्या सावलीत उभी राहिली.

त्या दिवशी वीस मिनिटांत झालं नाही. मे महिना होता, जमिनीतूनच वाफा निघत होत्या. पाऊण तास लागला. मी तीनदा टॉवेल भिजवला. तिनं एकदाही घड्याळात बघितलं नाही, किंवा मी बघत असताना तरी बघितलं नाही.

अहमदपूरला पोचलो तेव्हा अँब्युलन्स गेलेली होती. आम्ही तसेच लातूरला गेलो, वाटेत कुठंही इंजिन बंद न करता. दवाखान्यात सासरे खाटेवर होते, डोळे उघडे. बायको वाकून म्हणाली, "अप्पा, मी आले." त्यांनी तिच्याकडं बघितलं. ओठ हलले. आवाज आला तो शब्दांचा नव्हता.

"चाकूरपर्यंत बोलत होते," मेव्हणा म्हणाला. "तुझंच चाललं होतं, ताई. म्हनले, ती आली की तिला म्हनावं... आन मग जीभच जड झाली."

"तिला म्हणावं, काय?"

"तेवढंच गं. 'तिला म्हनावं.' पुढचं उमगलंच न्हाई."

बायकोनं त्याला तो प्रश्न त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, नंतर फोनवर, राखी पौर्णिमेला, असा कितीदा तरी विचारला. तो बिचारा दरवेळी आठवायचा प्रयत्न करायचा. एकदा म्हणाला, 'पोरीला म्हनावं' असं म्हनले होते. एकदा म्हणाला, शेवटी 'बरं' असं कायतरी होतं. पुढं पुढं तिनं विचारणं सोडून दिलं. मला तिनं काहीच विचारलं नाही. मी तिची समजूत काढायची वेळ पुढं ढकलत राहिलो. थोडी शांत होऊ दे, मग बोलू, असं म्हणत म्हणत ती इतकी शांत झाली की बोलण्यासारखं काही दिसेना.

सासरे जगले. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डावा हात चांगला राहिला. मेव्हण्यानं ओसरीवर प्लॅस्टिकच्या खुर्चीत उशा लावून त्यांची जागा केली. हातात काठी. चहा पाहिजे तर काठी एकदा आपटायची, आत न्यायचं असेल तर दोनदा.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघं त्यांना बघायला गेलो होतो, जीपनंच. पोचून मी गाडी उन्हात बंद केली. सासूबाई पाणी घेऊन आल्या, मग म्हणाल्या, अप्पांची एक गोळी संपलीय, चौकातनं आणता का. मी जाऊन जीपला सेल्फ मारला. फिरला, फिरला. चौक पायी पाच मिनिटांवर होता, पण जावई पायी कसा जाणार? मी उतरलो, टॉवेल काढला आणि आडावर बादली भरायला निघालो.

ओसरीवर काठी आपटली. एकदा नाही, दोनदा नाही. ठक ठक ठक ठक.

सासरे माझ्याकडं बघत होते. त्यांनी काठी मांडीवर टाकली आणि डावा हात वर केला. अंगठा आणि एक बोट जवळ आणून त्यांनी चटकन उघडलं. पुन्हा जवळ आणलं, पुन्हा उघडलं. आधी मला वाटलं त्यांना तंबाखू पाहिजे. मेव्हणा जवळ गेला, बघितलं आणि म्हणाला, "दाजी, अप्पा ठिणगी बघा म्हनून राहिलेत."

त्यांच्या घरात जावयाला एकदाच सांगतात. त्यांनी दुसऱ्यांदा सांगितलं, जीभ नसताना.

मी बादली खाली ठेवली. डिस्ट्रिब्युटरवरची मधली जाड वायर ओढून काढली, तिचं टोक इंजिनाच्या लोखंडाजवळ धरलं. मेव्हण्यानं सेल्फ मारला. चांगली असेल तर तिथं निळी ठिणगी चटचट उडायला पाहिजे. मी हातानं सावली करून बघितलं. काहीच नाही. पुन्हा सेल्फ. काहीच नाही. तिच्या शेजारी कॉइल होती, ठिणगी तयार करणारा मुठीएवढा डबा. मी तिच्यावर हात ठेवला आणि ओढून घेतला. तवा झाली होती. गरम झाली की ती मरत होती आणि निवली की जिवंत होत होती. फ्युएल पंपात वाफ असेलही, नसेलही. त्याचा काही संबंध नव्हता.

सासरे काठीनं आत दाखवत होते. मेव्हण्याला कळेना. सासूबाईंना कळलं. त्या खाटेखालची पत्र्याची पेटी ओढून घेऊन आल्या. वर पाने, हातोडी, जुने फ्यूज. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली, दोऱ्यानं बांधलेली नवी कॉइल.

"तुमचा धोंडा झाल्यावर आठच दिवसांनी लातूरहून आनली व्हती," सासूबाई म्हणाल्या. "मी म्हनलं, नांदेडला धाडून द्या की. तर म्हनले, न्हाई. जावईबापूंनी इच्चारल्याबिगर कसं द्यायचं. इच्चारतील तवा देऊ."

दोन नट, दोन वायरी, एक जाड वायर. इंजिन तापलेलंच होतं, टॉवेल कोरडाच होता. किल्ली फिरवली आणि जीप पहिल्या सेल्फात चालू झाली. ओसरीवरनं काठी एकदा आपटली. मी बंद केली. काठी. चालू केली. काठी. बंद. तीनदा त्यांनी मला तसं करायला लावलं, प्रॅक्टिकलला पोरांना मी लावतो तसं. मग काठी बाजूला ठेवून त्यांनी कपबशीची खूण केली.

बायको दारात उभी होती, सगळा वेळ. तिच्या हातात गोळ्यांचा रिकामा डबा होता. मी तिच्याकडं बघून काहीतरी बोलणार तोच ती वळली. गोळी तिनंच आणली, पायी जाऊन.

संध्याकाळच्या आत आम्ही नांदेडकडं निघालो. इंजिनाचा आवाज एकसारखा येत होता. मला फार काही काही बोलायचं होतं. जे बोलायला पाहिजे होतं ते सोडून मी कॉइलबद्दल बोलत राहिलो, तांब्याची तार तापल्यावर कशी पसरते वगैरे. लोह्याच्या अलीकडं तो पेट्रोल पंप आला. माझ्यातला मास्तर तिथंही गप्प बसला नाही. मी जीप आत घेतली, त्याच कडेला लावली आणि किल्ली फिरवून बंद केली. दहा मिनिटं थांबलो. पुन्हा फिरवली. एका सेल्फात चालू.

"बघितलंस?" मी म्हणालो.

ती समोरच्या फाट्याकडं बघत होती. तिथं त्या वेळी कुणीही उभं नव्हतं.

"त्या दिवशीच्या एस.टी.त जागा होती," ती म्हणाली. "ड्रायव्हरच्या मागची. खिडकीजवळची."